रात्री हात झोपतो? आधी करंगळी तपासा

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात देते, नाव अर्थातच देत नाही.

"मॅडम नमस्कार. माझं वय ३९. दिवसा कापूस वेचायला जाते, घरी आल्यावर स्वैपाक. दोन महिने झाले, रात्री दोन-अडीचला उजवा हात पूर्ण बधीर होतो, मुंग्या येतात, आग होते, उठून झटकला की कमी होतं. परवा चहाचा कप हातातून सुटला. सासूबाई म्हणतात वात आहे, शेजारच्या गावात एक जण नस बसवतो, मान मोडून देतो, त्याच्याकडे जा. त्यांचे स्वतःचे गुडघे गेलेत, ग्रीस संपलं असं सांगितलंय. आणि आमच्या यांच्या पोटरीत रात्री गोळे येतात. आमच्या घरात सगळ्यांच्याच नसा खराब आहेत का?"

ताई, नाही. तुमच्या घरात तीन माणसांना तीन वेगवेगळी दुखणी आहेत, तुमचं नसेचं दिसतंय, सासूबाईंचं सांध्याचं आणि दादांचं स्नायूचं, आणि तिघांचा इलाज वेगळा आहे. एकाच तेलाने, एकाच गोळीने किंवा एकाच माणसाकडे जाऊन तिन्ही बरी होणार नाहीत म्हणून आधी कोणाचं काय हे नीट समजून घेऊ. तुमच्या हाताबद्दल मी जास्त लिहिणार आहे कारण तिथे वेळ महत्त्वाची आहे.

आपल्याकडे नस या शब्दाला फार राबवतात. शीर फुगली तरी नस, पोटरी आखडली तरी नस चढली, हात बधीर झाला तरी नस दबली. आत्ता बसल्या जागी एक करून बघा. उजवा तळहात वर करा, अंगठा आणि करंगळीची टोकं एकमेकांना लावा आणि मनगट जरासं आपल्याकडे वाकवा, मनगटाच्या मधोमध दोरीसारखं काहीतरी ताठ उभं राहील (काही लोकांना ते जन्मापासूनच नसतं, त्याने काही बिघडत नाही). ही दोरी म्हणजे स्नायुबंध, स्नायूचं टोक. बाजूला निळसर हिरवी दिसते ती शीर, तिच्यातून रक्त जातं. आणि खरी नस, म्हणजे मज्जातंतू, ती या दोरीच्या खाली आत आहे, ती डोळ्याला दिसत नाही. तिला मीडियन नर्व्ह म्हणतात. तुमचा सगळा त्रास बहुतेक तिचाच आहे.

आता अजून एक. डाव्या हाताने उजव्या कोपराच्या खालचा मांसल भाग धरा आणि उजवी बोटं मिटा, उघडा. हाताखाली काहीतरी हलतंय ना? बोटं वाकवणारे मोठे स्नायू तिथे असतात, बोटात नसतातच. तिथून लांब दोर निघतात आणि मनगटातून बोटांपर्यंत जातात, जुन्या लोकांनी मोट पाहिली असेल तर त्यांना लगेच कळेल, बैल लांब चालतात आणि नाडा विहिरीत काम करतो तसंच. असे ९ दोर, चार बोटांचे ८ आणि अंगठ्याचा १, मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जातात, आणि त्यांच्याच सोबत ही नस. बोगद्याची जमीन आणि भिंती म्हणजे मनगटाची छोटी ८ हाडं आणि वरचं छत म्हणजे एक चिवट पट्टा. हाडं सरकत नाहीत, पट्टा ताणत नाही, त्यामुळे आत जरा सूज आली की जागा कमी पडते आणि सगळ्यात मऊ जी असते ती चेंबते, म्हणजे नस. यालाच कार्पल टनल सिंड्रोम म्हणतात.

दिवसभर बोंडातून कापूस चिमटीने ओढायचा, मग घरी येऊन कळण्याचं पीठ मळायचं, भाकऱ्या थापायच्या, उन्हाळा आला की उडदाचा उंडा कुटायचा, पापड लाटायचे, बिबडे थापायचे, म्हणजे ते ९ दोर त्या बोगद्यात दिवसभर येरझाऱ्या घालतायत आणि त्यांच्यावरचं आवरण जाड होत जातं. पण नुसतं काम हेच कारण असतं असं नाही, शुगर, थायरॉईड, वाढलेलं वजन, आमवात, बाळंतपणाच्या आधीचे महिने, यातही हेच होतं आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त होतं.

मग रात्रीच का? कारण झोपेत आपण हात गालाखाली घेतो, मनगट दुमडून, आणि दुमडलेल्या मनगटात बोगद्यातला दाब वाढतो. नसेला जे बारीक रक्त पोहोचतं ते कमी होतं, ती उपाशी राहते आणि मुंग्या, आग असं ओरडायला लागते. तुम्ही उठून झटकता, मनगट सरळ होतं, रक्त परत फिरतं, बरं वाटतं. "झटकलं की कमी होतं" हे तुम्ही सहज लिहून गेलात पण माझ्यासाठी तुमच्या पत्रातलं ते सगळ्यात कामाचं वाक्य आहे.

तुम्ही लिहिलंय "पूर्ण हात". इथे मला जरा शंका आहे, कारण जवळजवळ सगळेच पूर्ण हात म्हणतात आणि रात्री अडीचला कोण बोटं मोजत बसतं. पण आज रात्री मोजा. जाग आली की दिवा लावून एकेक बोट चिमटून बघा आणि करंगळीला विचारा तुला काही होतंय का. मीडियन नर्व्ह अंगठ्याला, त्याच्या शेजारच्या बोटाला, मधल्या बोटाला आणि करंगळीजवळच्या बोटाच्या फक्त अर्ध्या भागाला संवेदना देते. करंगळीची नस वेगळी आहे, ती या बोगद्यातून जातच नाही. ते अर्धं बोट तर आपल्या घरच्या कापसाने तपासता येतं, सरकी काढलेल्या कापसाचं टोक पिळून बारीक करा, डोळे मिटा आणि मुलीला सांगा की अनामिकेच्या एका बाजूने फिरव, मग दुसऱ्या बाजूने. मधल्या बोटाकडची बाजू बोथट लागली आणि करंगळीकडची बाजू चांगली लागली तर दाब बहुतेक मनगटातच आहे असं समजा. एकाच बोटाच्या दोन बाजूंना वेगळं लागणं, हे मानेच्या दुखण्यात सहसा होत नाही.

दुसरी तपासणी, उलटा नमस्कार. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवा, बोटं खाली, कोपर बाजूला, आणि एक मिनिट तसंच धरा. रात्रीसारख्या मुंग्या आल्या तर तेच. तिसरी मात्र उजेडात करा, दोन्ही तळहात शेजारी ठेवा आणि अंगठ्याच्या बुंध्याचा उंचवटा बघा, उजवीकडचा बसकट झालाय का, डावीपेक्षा खोलगट वाटतो का. मग तळहात आभाळाकडे करून अंगठा सरळ वर उचला आणि मुलीला तो खाली दाबायला सांगा, दोन्ही हातांची ताकद सारखी आहे का. हा स्नायूसुद्धा याच नसेवर चालतो.

ही तिसरी तपासणी मी इतकी धरून का बसते ते सांगते. माझ्या आईचा हात. आई यावलकडची, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी गल्लीभरचे पापड लाटणारी. रात्री उठून बसायची आणि म्हणायची, "माय, मना हात झोपी जास." आम्ही हसायचो, हात झोपतो आणि तू जागी राहतेस म्हणून. एका दवाखान्यात नेलं, मानेचा एक्सरे काढला, मानेत मणके झिजलेत म्हणाले (त्या वयात कोणाचे झिजलेले नसतात), मग दोन वर्षं मानेला पट्टा आणि वजन लावून ओढणं. दोन वर्षांत एकानेही तिचं बोट हातात धरून विचारलं नाही की कोणतं बोट बधीर होतं. ब्लाऊजचं बटण लावता येईना तेव्हा दुसरीकडे नेलं, तोवर अंगठ्याचा उंचवटा सपाट झाला होता. ऑपरेशन झालं, त्याच आठवड्यात रात्रीची झोप परत आली, पण ते मांस पूर्ण कधीच भरलं नाही. सुईत दोरा ओवायला ती शेवटपर्यंत दुसऱ्याला बोलवायची. मी तेव्हा शिकत होते, पुस्तकात ही नस मला पाठ होती, आणि घरात आईच्या हातात मला दिसली नाही. याचं मला अजून वाईट वाटतं म्हणून तुम्हाला एवढं लांबलचक लिहितेय.

नस म्हणजे मोटारीची केबल समजा, आत तार आणि वर आवरण. केबलवर दगड पडला तर आधी आवरण चेपतं, करंट अडखळतो, पण दगड उचलला तर काही आठवड्यांत नाहीतर महिन्यांत आवरण दुरुस्त होतं. दगड वर्षानुवर्षं तसाच राहिला तर आतली तार मरते आणि मग ती नव्याने वाढावी लागते, ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, आणि तोपर्यंत पलीकडचा स्नायू वाट बघत सुकत जातो. तुमचं दोन महिन्यांचं आहे, येऊन जाऊन आहे, झटकल्यावर जातं, म्हणजे बहुतेक आवरणापर्यंतच आहे. कप सुटला हे मात्र मला आवडलेलं नाही, बोटाला नीट कळलं नाही म्हणूनही सुटतो आणि अंगठा कमजोर झाला म्हणूनही सुटतो, म्हणून तिसरी तपासणी टाळू नका.

आता काय करायचं. मेडिकलमधून रिस्ट स्प्लिंट आणा, नुसता लवचिक पट्टा नको, ज्यात आत पट्टी असते तो. ती आतली पट्टी बऱ्याचदा मागे वाकवलेली येते, ती बाहेर काढून हाताने सरळ करून परत घाला, कारण आपल्याला मनगट सरळ हवंय, मागेही नको आणि पुढेही नको. बोटं मोकळी राहिली पाहिजेत, एक बोट आत जाईल एवढा सैल बांधा, घट्ट बांधला तर आपणच दाब वाढवतोय. रोज रात्री, किमान ६ आठवडे. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही.

वेचणी बंद करा असं मी लिहिणार नाही, मजुरी किलोवर मिळते आणि घर त्यावर चालतं हे मला माहीत आहे. पण अर्ध्या-पाऊण तासाने ओटी रिकामी करायला जाल तेव्हा बोटं पूर्ण उघडून ताणा, मनगट सैल सोडून हलवा, काही वेळ डाव्या हाताने वेचा. घरी पीठ मळायचं काम दोन महिने मुलाकडे द्या, हो मुलाकडेच, पंधरा वर्षांच्या पोराला पीठ मळता येतं. मोबाईल बघताना मनगट दुमडून धरू नका.

दुखण्याच्या गोळ्या या त्रासात फारशा उपयोगी पडत नाहीत. मेडिकलवाल्याकडून रोज एक घेत असाल तर थांबवा, पोटाला आणि किडनीला त्रास होतो, त्यात दिवसभर उन्हात पाणी कमी पिऊन काम असेल तर किडनीला जास्तच. शुगर, थायरॉईड आणि बी १२ या तीन तपासण्या करून घ्या. सहा आठवड्यांत फरक नाही पडला तर हाडांच्या डॉक्टरकडे, ते बोगद्यात इंजेक्शन देतील नाहीतर ऑपरेशन सांगतील. आणि उंचवटा बसलेला दिसला, किंवा बधिरपणा दिवसासुद्धा जात नसेल, तर सहा आठवडे थांबायचंच नाही, लगेच जा. ऑपरेशनला घाबरू नका, नसेला कापत नाहीत, छताचा तो चिवट पट्टा कापून जागा मोकळी करतात, बहुतेक वेळा फक्त हात बधिर करून होतं आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो.

नस बसवणाऱ्याकडे जाऊ नका. नस काही जागेवरून उतरत नाही की तिला परत बसवावं. आणि मानेला झटका देणं तर अजिबात नको, मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंनी छिद्रं असतात आणि त्यातून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या जातात, जोराच्या झटक्याने ती धमनी फाटून अर्धांगवायू झाल्याचे प्रकार होतात. क्वचित होतात, पण मनगटाच्या दुखण्यासाठी मानेचा धोका कशाला घ्यायचा. सासूबाई काळजीपोटी म्हणतायत, त्यांच्याशी भांडू नका, हे वाचून दाखवा.

आणि त्यांचे गुडघे. आई, ग्रीस संपत नाही. सांध्यात जे चिकट पाणी असतं ते आतलं अस्तर सतत बनवत असतं, उलट झिजलेल्या गुडघ्यात ते कित्येकदा जास्तच होतं, म्हणून तर गुडघा सुजलेला दिसतो. झिजते ती हाडांच्या टोकावरची गुळगुळीत कूर्चा. तिला ना रक्तवाहिनी ना नस, म्हणजे ती झिजत असताना स्वतः दुखतसुद्धा नाही, दुखतं ते आजूबाजूचं हाड आणि अस्तर. तिला अन्न मिळतं ते त्या पाण्यातूनच, आणि ते पाणी आत शिरतं गुडघा हलला, दाबला, सुटला की. म्हणून "गुडघे गेले आता बसून राहा" हा सल्ला चुकीचा आहे. खाली उकिडवं बसणं, पाटावर बसून स्वैपाक, हे कमी करा, संडासला खुर्ची करा, पण चालणं चालू ठेवा. आणि मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम, पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, मनात दहा मोजायचे, सोडायचं, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. गुडघ्याची वाटी याच स्नायूच्या दोरात बसवलेली आहे, तो बळकट झाला की भार तो उचलतो. तेल लावायचं तर खुशाल लावा, मालिशने बरं वाटतं, पण तेल सांध्याच्या आत जात नाही.

एक मात्र विचारा त्यांना, सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले किती वेळ राहतात. अर्ध्या तासाच्या आत मोकळे होत असतील तर झीज. तासभर किंवा जास्त, आणि सोबत दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजत असतील तर तो आमवात असू शकतो, त्याचं औषध पूर्ण वेगळं आहे आणि लवकर सुरू करावं लागतं.

दादांचे गोळे. रात्री केळीला पाणी धरायला जातात असं तुम्ही पुढे लिहिलंय, लाइट रात्रीचीच असते ना. दिवसभराचा थकलेला स्नायू, घामातून गेलेलं पाणी-मीठ, वर चिखलातलं चालणं. लोकांना वाटतं स्नायू आखडायला ताकद लागते आणि सैल पडायला काही लागत नाही, पण सोडायलासुद्धा ऊर्जा लागते, माणूस गेल्यावर शरीर ताठ होतं ते ती ऊर्जा संपते म्हणूनच. गोळा आला की चोळत बसण्यापेक्षा पाय सरळ करून पंजा हाताने आपल्याकडे ओढायचा, अर्धा मिनिट धरायचा, सुटतो. झोपायच्या आधी भिंतीला हात टेकवून, टाच जमिनीला ठेवून पोटरी ताणायची. बीपी नसेल तर शेतात नेताना पाण्यात मीठ-साखर-लिंबू. पण गोळा रात्री न येता चालताना येत असेल आणि थांबल्यावर जात असेल, त्यात बिडी-तंबाखू असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासायला हव्यात. आणि एकच पोटरी सुजून गरम झाली तर चोळायचीच नाही, त्याच दिवशी दवाखाना.

अजून एक विचारायचं राहिलं, घरात कोणाच्याही अंगावर फिकट चट्टा असेल आणि त्यावर ते कापसाचं टोक फिरवलेलं कळत नसेल तर लाजू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. कुष्ठरोगही नसांनाच धरतो, औषध तिथे फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर पूर्ण बरा होतो.

तुम्हाला जळगावला एनसीव्ही करायला सांगितलं, म्हणजे नसेतून करंट किती वेगाने जातो ते मोजायची तपासणी, तर त्या दिवशी हाताला तेल किंवा क्रीम लावून जाऊ नका, त्याने वरच्या पट्ट्या नीट चिकटत नाहीत. बांगड्या आणि अंगठ्या घरीच काढून ठेवा. आणि वेचणीचे दिवस थंडीचे, सकाळच्या एसटीने खिडकीत बसून जाल तर हात गारठतील, गारठलेल्या हातात नसेचा वेग मुळातच कमी येतो आणि रिपोर्ट उगाच वाईट दिसतो, म्हणून पोहोचल्यावर आधी गरम चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसा, डाव्या हाताने नीट पेलून, आणि मग आत जा.